सहावं व्हर्जन घ्यायचं की नाही

माझ्याकडे ती वही अजून आहे. पहिल्या पानावर 'पॉटलक – संक्रांत' असं लिहून त्यावर रेघ मारली आहे आणि खाली 'गेम' असं लिहिलं आहे. वही अर्धी कोरी होती आणि कोरी पानं टाकून द्यायला मला आवडत नाही, एवढंच त्यामागचं कारण. आता बघताना वाटतं, रेघ मारायची तरी काय गरज होती. आम्ही तो गेम पॉटलकसारखाच केला.

साल दोन हजार सहा. आम्ही टेक्सासमध्ये, प्लेनोला राहत होतो. नवरा टेलिकॉममध्ये आणि मी एका विमा कंपनीत प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, म्हणजे दुसऱ्यांनी कामं कधी करायची हे सांगण्याचा पगार घेणारी. तिथल्या महाराष्ट्र मंडळात मात्र माझी ओळख पॉटलकच्या, म्हणजे प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाच्या, यादीवरून होती. एका दिवाळीला पाच घरांनी श्रीखंड आणलं आणि पुऱ्या एकाही घराने आणल्या नाहीत. लोक वाट्यांमधून श्रीखंड खात एकमेकांकडे बघत राहिले. पुढच्या कार्यक्रमापासून यादी माझ्याकडे आली, ती कायमची.

माझी पद्धत साधी होती. कोणाला काय करायचं ते सांगायचं, त्याने 'हो' म्हटलं की वहीत त्यापुढे बरोबरची खूण करायची. वस्तू प्रत्यक्ष आली का हे मी कधी तपासत नसे. गरजच पडत नव्हती. पुऱ्या आणते म्हटलेली बाई पुऱ्या आणतेच, कारण नाही आणल्या तर ते टेबलावर साठ लोकांना दिसतं. या पद्धतीने मी कित्येक दिवाळ्या, संक्रांती आणि एक मोठं अधिवेशनाचं जेवण पार पाडलं होतं. तिच्यात काही खोट असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

मंडळाची मराठी शाळा रविवारी सकाळी कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत भरायची. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे बाईच म्हणत, मीही इथे तेच म्हणणार आहे. साताऱ्याच्या शाळेत पंधरा वर्षं शिकवून त्या नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आल्या, व्हिसामुळे बरीच वर्षं घरी बसल्या आणि शेवटी एका डेकेअरमध्ये लागल्या. आठवडाभर त्या तिथे पोरांची नाकं पुसत आणि 'मिस' म्हणवून घेत. रविवारचे दोन तास त्या बाई असत. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. पण डेकेअरला त्या टी-शर्ट घालून जात आणि रविवारी टेक्सासच्या उन्हाळ्यात कडक इस्त्रीची सुती साडी नेसून येत. बघणाऱ्याला तेवढं पुरेसं होतं.

शाळेत मुलं नऊ. त्यातली एक माझी मुलगी, वय अकरा, जिला मी दर रविवारी कारमध्ये कोंबून नेत असे. आणखी दोघं माझ्या मते फक्त मधल्या सुट्टीच्या बिस्किटांसाठी येत. मे महिन्यात मंडळाच्या सेक्रेटरींची ईमेल आली. मंडळाला सेंटरमध्ये रविवारची एकच वेळ मिळते आणि ती डान्स क्लासला हवी आहे, कारण त्यांच्याकडे तीस मुली आहेत आणि दोन मुलगेसुद्धा. तेव्हा गणपतीच्या दिवशी मराठी शाळेत किमान पंधरा मुलांची नावं नोंदली गेली तर खोली शाळेची, नाहीतर डान्सची. सेक्रेटरी पुण्याचे, एका बँकेच्या सॉफ्टवेअर विभागात. कुठलाही बदल करण्याआधी सात जणांच्या सह्या गोळा करणं हे त्यांचं तिथलं काम. ईमेलला त्यांनी नियमांची पुरवणी जोडली होती. 'मूल' म्हणजे पाच पूर्ण ते पंधरा पूर्ण, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

बाईंनी ती ईमेल वाचली आणि मला फोन केला. म्हणाल्या, "पंधरा कुठून आणायची हो? मी बिस्किटं वाढवून बघू का?"

गेमची कल्पना नागपूरच्या गृहस्थांची. हा मनुष्य आमच्यात सगळ्यात उत्साही. कुठल्याही कार्यक्रमाला अर्धा तास आधी येऊन खुर्च्या चुकीच्या दिशेला तोंड करून मांडणारा. तो म्हणाला, "वहिनी, पोरं दिवसभर कॉम्प्युटरवर खेळतात नं? मग मराठीचाच गेम करून टाकू. गणपतीत टेबलावर ठेवू. खेळायचा असेल तर शाळेत नाव टाका. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्ट होती, कारण आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले होतो. आमच्यात टेलिकॉमची बिलं काढणारे तीन, बँकेचा एक, विमान तिकिटांचा एक आणि विम्याची मी. गेम केलेला कोणीही नव्हता, पण ते आडवं येईल असं कोणाला वाटलं नाही. गेम करण्याचं एक तयार सॉफ्टवेअर बाजारात होतं, त्याचं पाचवं व्हर्जन आम्ही घेतलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्या बाईला साठ माणसांचं जेवण जमतं तिला गेम का जमणार नाही, असा एकूण सूर होता.

मग मी पॉटलक केला. सहा घरं, प्रत्येक घराला एक लेव्हल. गोष्ट अशी की एका मुलीला मावशीकडे स्टीलचा डबा पोचवायचा आहे. वाटेत माणसं भेटतात, प्रश्न विचारतात, मराठीतल्या तीन उत्तरांतून योग्य ते निवडलं की पुढे जाता येतं. वाक्यं सगळी बाईंनी लिहिली. बाकी ज्याने त्याने आपापल्या गावाप्रमाणे. नागपूरकरांच्या लेव्हलमध्ये आकाशातून संत्री पडत आणि ती चुकवायची असत. मुंबईच्या घराने बावीस मजल्यांची बिल्डिंग आणि एक लिफ्ट केली. आमच्या नाशिकच्या लेव्हलमध्ये बस यायची आणि न थांबता निघून जायची. तो खरं तर दोष होता, पण सगळ्यांच्या इतका ओळखीचा होता की कोणी तक्रार केली नाही. सेक्रेटरींच्या लेव्हलमध्ये पुलावर एक काका उभे असत आणि एक उत्तर चुकलं की मुलगी थेट घरी परत, पहिल्यापासून सुरुवात.

"इतकी शिक्षा?" मी विचारलं.

"मग शिकणार कशी?" ते म्हणाले.

जूनच्या शेवटी सगळ्यांनी आपापल्या लेव्हलच्या सीडी आणून दिल्या आणि मी त्या माझ्या कॉम्प्युटरवर एकत्र केल्या. एकत्र केल्यावर कळलं की पॉटलकला पाच श्रीखंडं कशी येतात. प्रत्येक घराची मुलगी वेगळ्या उंचीची होती. एका लेव्हलमध्ये तिच्या हातात डबा होता, पुढच्यात नव्हता, त्याच्या पुढच्यात दोन होते. हे सगळं सारखं करण्यात मी आणि नागपूरकरांनी दोन आठवडे घालवले. संध्याकाळी सात ते नऊ, रोज.

खरी अडचण मात्र आवाजाची होती. आमच्या मुलांना मराठी ऐकून कळायचं, वाचून नाही. पडद्यावर वाक्य आलं की ती त्याकडे रस्त्यावरच्या परक्या माणसाकडे बघावं तशी बघत. म्हणून बाईंचा आवाज घालायचा ठरलं होतं. घरातली सगळ्यात शांत जागा म्हणजे आमच्या बेडरूमचं कपड्यांचं क्लोजेट, तेव्हा रेकॉर्डिंग तिथे. बाई माझ्या नवऱ्याच्या कोटांमध्ये उभं राहून, हातात कागद धरून वाक्य वाक्य वाचत. 'अगं, वर बघून चाल!' हे त्यांनी अशा काही आवाजात म्हटलं की माझी मुलगी दोन खोल्या पलीकडे खुर्चीत सरळ बसली. पण पाचव्या व्हर्जनमध्ये लांब आवाज चालत नव्हते. दोन वाक्यं नीट यायची आणि तिसऱ्याला बाई बादलीत डोकं घालून बोलत असल्यासारख्या ऐकू यायच्या. चौथ्याला गेम बंद.

हे असं असताना जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सहावं व्हर्जन आलं. त्यात लांब आवाज चालणार होते. दोन मुलं एकदम खेळू शकणार होती. चित्रं लुकलुकणं बंद होणार होतं. गणपती ऑगस्टच्या शेवटी. मध्ये सात आठवडे.

शनिवारी दुपारी आमच्याकडे मीटिंग घेतली. बटाटेवडे मी, चटणी मुंबईवाले, चहा नवरा. तिन्हींवर खूण.

नागपूरकर म्हणाले, "यात विचार काय करायचा? बाईंचा आवाज बादलीतून येतोय. अपग्रेड करा, संपलं."

सेक्रेटरींनी वडा खाली ठेवला. "आमच्या बँकेत मध्येच व्हर्जन बदललं तर काय झालं होतं माहीत आहे? तीन महिने कोणाला स्टेटमेंट गेलं नाही."

"साहेब, हा बँकेचा नाही, संत्र्यांचा प्रॉब्लेम आहे."

"तत्त्व तेच आहे. चालू कामात हत्यार बदलायचं नाही."

"तुमच्याकडे अजून जुनंच विंडोज आहे नं घरी?"

"आहे. आणि ते चालतं."

मी दोन रकाने आखले आणि दोन्ही बाजू लिहून काढल्या. मत विचाराल तर मी सेक्रेटरींच्या बाजूने होते, आणि हे मी तेव्हा मोठ्याने सांगितलंही. अर्ध्यात काही बदलू नये, यावर माझा फार विश्वास. आवाज छोटे तुकडे करून बसवता येतील, असं मी म्हटलं. मतदान झालं, तीन विरुद्ध तीन. मग कोणीतरी बाईंना विचारलं.

बाई म्हणाल्या, "मला व्हर्जनमधलं कळत नाही. खोली राहील ते करा."

शेवटी असं ठरलं की घाई नको. एकाने गेमची कॉपी घ्यावी, त्या कॉपीवर सहावं व्हर्जन लावून बघावं आणि आठवड्यात रिपोर्ट द्यावा. रिपोर्टचं काम अर्थात मी घेतलं. नवरा ट्रे घेऊन चालला होता, त्याला म्हटलं, "सोमवारी गेमची एक कॉपी सीडीवर काढून ठेव." तो "हो" म्हणाला. मी वहीत लिहिलं, 'कॉपी' आणि पुढे बरोबरची खूण केली.

मंगळवारी मी ऑफिसातून लवकर आले. सहावं व्हर्जन उतरवून घेतलं आणि गेम उघडला. त्याने विचारलं, ही फाइल जुन्या व्हर्जनमधली आहे, नव्यात बदलून घेऊ का? खाली बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. कॉपी सीडीवर आहे हे वहीत लिहिलेलं होतं, तेव्हा त्या वाचायचं मला कारण नव्हतं. मी 'येस' दाबलं.

आणि काय सांगू, बाईंचा आवाज आला. पूर्ण, स्वच्छ, कोटांचा थोडासा दबकेपणा सोडला तर अगदी समोर उभ्या असल्यासारखा. चार वाक्यं, सहा, दहा. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग खेळून बघितलं. ती डबा घेतलेली मुलगी उंदरासारखी सुसाट पळाली आणि पडद्याच्या बाहेर गेली. नव्या व्हर्जनमध्ये प्रत्येक हालचाल दुप्पट वेगाने होत होती. लिफ्ट बाविसाव्या मजल्यावर जाऊन छतातून पुढे गेली. संत्री तर बंदुकीतून सुटल्यासारखी.

मी नवं व्हर्जन बंद करून जुनं उघडलं. जुन्याने सांगितलं की ही फाइल नव्या व्हर्जनची आहे, मला उघडता येणार नाही.

नवरा साडेपाचला आला. मी विचारलं, "कॉपी कुठे आहे?"

"कुठली कॉपी?"

"गेमची. सोमवारी काढायची होती."

"हां, ती. कोऱ्या सीडी संपल्यात. या वीकेंडला आणतो."

"तू हो म्हणालास."

"हो म्हणालो, म्हणजे काढणार आहे. काढली असं कुठे म्हणालो?"

मी त्याला वही दाखवली. तो म्हणाला, "ही खूण मी केलेली नाही."

श्रीखंड आलं नाही तर टेबलावर दिसतं. कॉपी नसली तर कोणालाच दिसत नाही, ज्या दिवशी हवी असते त्या दिवसापर्यंत.

मी बसून हिशोब मांडला. मागे जायचं तर सगळ्यांच्या जुन्या सीडींवरून पुन्हा एकत्र करायचं, म्हणजे दोन आठवडे, आणि नंतर बाई बादलीतच. पुढे जायचं तर सहाही लेव्हलचा वेग दुरुस्त करायचा, म्हणजे चार आठवडे, कदाचित पाच, पण बाई स्वच्छ. शेवटी दोन्हींचं वजन फारसं वेगळं नव्हतं. मी सरळ फोन करून 'माझ्याकडून असं झालं' म्हटलं असतं तर कोणी मला खाल्लं नसतं. सेक्रेटरींनी फार तर पुढची दहा वर्षं ती गोष्ट सांगितली असती.

मी तसं केलं नाही. मी रिपोर्ट लिहिला. फायदे सात, तोटे दोन. वेगाचा मुद्दा मी 'किरकोळ फेरफार आवश्यक' असा घातला. शेवटी लिहिलं की सविस्तर चाचणीनंतर माझं मत बदललं आहे. चाचणी सविस्तर झाली होती यात खोटं काही नव्हतं. पण मला परतायला जागाच उरली नव्हती, हे त्यात कुठे नव्हतं.

सेक्रेटरींनी उत्तर पाठवलं, 'आपण विरोधात असूनही खुल्या मनाने विचार केलात, याचं कौतुक वाटतं. मी माझं मत मागे घेतो.' नागपूरकरांनी फक्त लिहिलं, 'म्हटलं होतं नं.'

ते कौतुक मला पुढे बरेच दिवस टोचत होतं.

मग पाच आठवडे सहा घरं कामाला लागली. 'किरकोळ फेरफार' वरून मला रोज फोन येत. मुंबईवाल्यांची लिफ्ट थांबेपर्यंत ऑगस्ट उजाडला. सेक्रेटरींच्या लेव्हलमधले काका इतक्या भरभर इकडेतिकडे बघत की तेच गुन्हेगार वाटत. आणि प्रत्येक वेळी 'थँक यू हं' म्हणताना मला वाटे, हे सगळं कोणाच्या 'येस'मुळे चाललंय हे यांना कळलं तर.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी बाई शेवटच्या रेकॉर्डिंगला आल्या. मी त्यांना घरी सोडायला निघाले. हायवेवर ट्रॅफिक तुंबलेलं होतं, एसी पूर्ण सोडूनही गाडी तापलेली. बाई म्हणाल्या, "गणपतीनंतर मी डेकेअरमध्ये रविवारची शिफ्ट मागून घेणार आहे. त्यांनी विचारलं होतं."

"का?"

"रविवारी घरात बसून काय करू? पंधरा काही होत नाहीत." मग हसून, "तुम्ही एवढा खटाटोप करताय, मला खोटं बोलवत नाही."

खोटं बोलण्याचा विषय त्यांनीच काढला. मी त्यांना सगळं सांगितलं. येस, कॉपी, खूण, रिपोर्ट. गाडी तेवढ्या वेळात शंभर फूटही पुढे गेली नसेल.

बाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला, नवऱ्याला, आता तुम्हाला."

"मग पुरे," त्या म्हणाल्या. "सेक्रेटरींना सांगाल तर ते चौकशी समिती नेमतील आणि संत्री तशीच राहतील. संत्र्यांचं काय झालं?"

"अजून सुसाट आहेत."

"मग ती बघा आधी." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि वर्गात मी गृहपाठ झाला का असं विचारत नाही. वही दाखव म्हणते. हो काय, कोणीही म्हणतं."

गणपतीच्या दिवशी सहापैकी पाच लेव्हल बरोबर चालत होत्या. संत्र्यांची राहिली ती राहिलीच. नागपूरकरांनी आदल्या संध्याकाळी वेग कमी केला तर संत्री हवेतच लटकू लागली, म्हणून त्यांनी तो परत वाढवला आणि म्हणाले, "असू दे वहिनी, आमच्याकडे उन्हाळा कडकच असतो."

मंडळाने एका शाळेचा कॅफेटेरिया घेतला होता. एका टोकाला मखर, दुसऱ्या टोकाला बुटांचा ढीग आणि ढिगाशेजारी आमचं टेबल, दोन कॉम्प्युटर. मी क्लिपबोर्डवर नावांचा कागद घेऊन उभी. जुनी नऊ मुलं आधीच लिहिलेली. सहा हवी होती.

आरती चालू होती तोवर कोणी आलं नाही. नंतर दोन मुलगे आले आणि शहाण्यासारखे पहिल्या लेव्हलपासून सुरू झाले. पुलावरच्या काकांनी त्यांना दोनदा घरी पाठवलं. ते उठायलाच लागले होते, तेवढ्यात माझ्या मुलीने दुसऱ्या कॉम्प्युटरवर थेट संत्र्यांची लेव्हल लावली. संत्र्यांचा मारा सुरू झाला. डब्याच्या मुलीला संत्रं लागलं की बाईंचा आवाज यायचा, 'अगं, वर बघून चाल!' आणि संत्री इतकी पडत होती की बाई थांबतच नव्हत्या. दर दीड सेकंदाला एक बोलणी. मुलं हसून खाली बसली. पाच मिनिटांत टेबलाभोवती घोळका, रांगेत ढकलाढकली, आणि दहाबारा पोरं एका सुरात ओरडतायत, 'अगं, वर बघून चाल!' त्यातल्या कित्येकांनी त्याआधी चारचौघांत मराठी शब्द उच्चारला नसेल.

बाई प्रसादाचं ताट घेऊन आल्या. एका मुलाने त्यांच्याकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे, मग परत त्यांच्याकडे. "इज दॅट यू?"

"वर बघून चाल," बाई म्हणाल्या. तो आनंदाने किंचाळला.

मी प्रत्येकाला सांगत होते, रविवारी शाळेत पुढच्या लेव्हल खेळायला मिळतील, आईला बोलवून नाव टाक. या वेळी आईने सही केल्याशिवाय मी खूण करत नव्हते. एक, दोन, तीन, चार, पाच. चौदा. मग जेवण लागलं आणि रांग तिकडे गेली. अर्धा तास कोणी नाही.

सहावी आली ती आठनऊ वर्षांची मुलगी होती. संत्रं लागून लागून तिने ते वाक्य पाठ केलं होतं आणि आईला ओढत आणलं होतं. आई इंग्रजीत म्हणाली, आम्ही तेलुगू आहोत, शेजाऱ्यांबरोबर आलो आहोत, हिला इथे नाव घालायचंय म्हणते, चालेल का?

सेक्रेटरी शेजारीच मोदक खात होते. मला मराठीत म्हणाले, "अहो, यांना मराठी कुठे येतं?"

"आपल्या मुलांना तरी कुठे येतं?"

"पण मराठी शाळा आहे ही."

"तुमच्या पुरवणीत काय लिहिलंय? मूल म्हणजे पाच पूर्ण ते पंधरा पूर्ण. भाषा लिहिलेली नाही."

त्यांनी मोदक संपवला. आपणच लिहिलेला नियम मोडणं हे त्यांच्या रक्तात नव्हतं. खिशातलं पेन काढून त्यांनीच त्या आईच्या हातात दिलं.

बाईंनी कागद बघितला, नावं बोटाने मोजली, मग पुन्हा एकदा मोजली. कागद मला परत दिला आणि प्रसादाचं ताट घेऊन पुढच्या टेबलाकडे गेल्या. चालताना पदर खांद्यावर नीट केला, तो मुळात नीटच होता. रविवारची शिफ्ट त्यांनी मागितली नाही.

सेक्रेटरी मागाहून म्हणाले, "बघा, फायदे सात आणि तोटे दोन, तुमचा रिपोर्ट तंतोतंत खरा ठरला. जुन्याच व्हर्जनवर राहिलो असतो तर हे झालं असतं का?"

"सांगता येणार नाही," मी म्हटलं. "जुनं माझ्याकडे नाही."

त्यांना तो विनोद वाटला.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये सातवं व्हर्जन आलं. शाळेत तेव्हा सतरा मुलं होती आणि गेममध्ये तीन नव्या लेव्हल अर्ध्यात होत्या. पुन्हा मीटिंग, पुन्हा वडे. नागपूरकर म्हणाले, यात विचार काय करायचा. सेक्रेटरी म्हणाले, माझी हरकत नाही, यांची चाचणी विश्वासार्ह असते. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी वही उघडली आणि म्हटलं, "आधी कॉपी. ते मी सांगितलेलं आहे."

बाई कोपऱ्यात बसून चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि हात पुढे केला.

"सीडी दाखवा," त्या म्हणाल्या.

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा चटणीकडे बघत होता. मग तो उठला, आत गेला, आणि आम्ही सगळे तो बाहेर येईपर्यंत थांबलो.